धोंडूकाकांचा चमचा

प्रिय ऋता,

फोनवर सांगायला गेले असते तर सोयीचं तेवढं सांगून मोकळी झाले असते, म्हणून कागद घेतला. मालवणच्या पोस्टिंगमधल्या माझ्या केस प्रेझेंटेशनचं तू वर्गभर कौतुक करत फिरतेस. ते आता पुरे कर.

त्या केसमधले धोंडूकाका आतल्या गावातले, काजूची बाग असलेले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी उजवा अंगठा किंचित हलवून दाखवला आणि विचारलं, "ह्या हातान माका जेवाक येतला मा गो?" अंगठा हलला होता, मी पाहिलं होतं. पण त्या हाताला कित्येक महिने लागले असते आणि माझ्याकडे होते चार आठवडे. मग मी त्यांना डाव्या हाताने, चमच्याने जेवायला शिकवलं. आपण थेरपीवाले त्याला 'स्वावलंबन' म्हणतो. त्यांनी आधी चमचा बाजूला सारला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाये, तुजी परीक्षा आसा मा? आण तो चमचो." मी खूश झाले. तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

शेवटच्या आठवड्यात फोटो काढायला त्यांच्या घरी गेले, तर नेमकी सत्यनारायणाची पूजा. पुढच्या अंगणात, खळ्यात पंगत बसलेली आणि काका मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवत होते. चार माणसांत डाव्या हाताने घास कसा घेणार? यशोदाकाकी हळूच म्हणाल्या, "आता ते आमच्या वांगडा जेवाक बसणत नाय." ऋता, मी शिरोड्याची, पंगतींत वाढलेली. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? तरीही मी ताट आणि चमचा तेवढा फोटोत घेतला, पडवी गाळली आणि फाइलवर लिहिलं, 'स्वतः जेवतात. उद्दिष्ट पूर्ण.'

सोमवारपासून तू मालवणच्याच पोस्टिंगला जाते आहेस, म्हणून हे पत्र. माझ्या त्या शेऱ्यामुळे काकांना पुन्हा कुणी बोलावलेलं नाही. मधे तीन महिने गेले, अंगठा अजून हलतो का ते मला माहीत नाही. केसला गुण देणाऱ्या मॅडमना मी सगळं लिहून कळवलंय, गुण जाऊ देत. तू आधी त्यांना बोलावून घे आणि उजव्या हातापासून सुरुवात कर. "माका बरा आसा" म्हणाले तर ऐकू नकोस, ते समोरच्याची सोय बघून बोलतात. काल त्यांचा फोन आला होता. हाताबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, "बाये, गुण बरे गावले मा?" मी हो म्हटलं.

तुझीच, पण तू समजतेस तेवढी हुशार नसलेली,
अक्षया