गेट म्हणजे गेट

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. उद्या सगळे मिळून खोटं सांगतील, तेव्हा निदान माझ्यापाशी तरी खरं लिहिलेलं हवं.

पेपरात अर्धं पान. आमच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर पार्सलची कंपनी आली. रोजगारवाढ, भागाला उभारी, नवी पहाट वगैरे. वाढ काय, गळूचीही होते. जिथे आम्ही लोखंड वितळवून ओतत होतो तिथे आता लोक खोक्यांना चिकटपट्ट्या लावणार आणि हे त्याला पहाट म्हणणार. कारखाना बंद झाला तेव्हा याच पेपरवाल्यांनी बुटांच्या जाहिरातीखाली चार ओळी छापल्या होत्या.

भरतीची अट: वय पंचावन्न पूर्ण नसावे. मला १४ मार्चला पूर्ण होतात. ही सकाळपासून मागे लागली आहे, तारखेच्या आत अर्ज देऊन या. तिला सांगितलं, फोरमन अर्ज करत नसतो, फोरमनला बोलावणं येतं. म्हणाली, कारखाना बंद पडल्यापासून वाट बघताय, आलं का? हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

४ फेब्रुवारी
टपरीवर जुन्या लोकांची मीटिंग घेतली. वेल्डर आला, क्रेनवाला आला (हा हिचा भाऊ, माझा मेहुणा, नोकरीला मीच चिकटवला होता) आणि आणखी आठ-दहा टाळकी. मी ठराव मांडला. आपल्याकडे रीत होती: पहिल्या पाळीला गेटच्या आत पहिलं पाऊल फोरमनचं, मग बाकीच्यांचं. तेव्हा कंपनी फोरमनला सन्मानाने बोलावत नाही तोवर एकानेही गेट ओलांडायचं नाही.

वेल्डरने विचारलं, गेट म्हणजे नेमकं कुठलं? मूर्ख. जन्मभर ज्यातून आत-बाहेर केलं ते. तो म्हणाला, नाही, हायवेच्या बाजूची भिंत पाडून नवीन केलंय म्हणे. मी म्हटलं, तिथे आपण भट्टीची राख टाकायचो. ते भगदाड आहे. भगदाडाला गेट म्हणत नाहीत. गेट म्हणजे गेट. वेल्डरने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने वेल्डरकडे. मग सगळ्यांनी शपथ घेतली, गेट ओलांडणार नाही. मेहुण्याने दोनदा घेतली.

एवढी एकी मी युनियनच्या काळातही पाहिली नव्हती.

५ फेब्रुवारी
गेटसमोर खुर्ची टाकून बसलो. खुर्ची माझीच, फोरमनच्या केबिनमधली. कारखाना बंद झाला त्या दिवशी ती सुरक्षित राहावी म्हणून घरी आणली होती. एक चाक नाही, त्यामुळे डावीकडे कलून बसावं लागतं.

दिवसभरात एकही माणूस आत गेला नाही. शंभर टक्के यश. गेटला कुलूप आहे हे खरं, पण नसतं तरी कुणी गेलं नसतं.

११ फेब्रुवारी
बहिष्कार कडकडीत. आमची माणसं मात्र दिसेनाशी झाली आहेत. वेल्डरची कंबर धरली आहे. मेहुणा गावाला गेलाय. एकाच्या मुलीचं बाळंतपण, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. वाईट दिवस आले की सगळ्यांवर एकदमच येतात.

मागच्या बाजूला दिवसभर ट्रकची घरघर. रिकामे असणार. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मेहुणीसुद्धा आजारी पडली. ही पहाटेच डबा घेऊन बहिणीकडे जाते, ती उन्हं कलल्यावर येते. माझं जेवण झाकून ठेवलेलं असतं. गार जेवतोय. लढ्यात हे चालायचंच.

१७ फेब्रुवारी
मेहुणीचं दुखणं लांबलं. आज ती बाजारात दिसली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या आणि ताडताड चालत होती. ताप डोक्यात गेला की माणसाला असं बळ चढतं. घरी येऊन हिला सांगितलं, बहिणीला जप, लक्षण बरं नाही. हिने ताट वाढलं. मग म्हणाली, जेवून घ्या.

हिने जाड तळाचे काळे बूट आणलेत, पुढे लोखंडी टोपी असलेले. टाचा दुखतात म्हणून डॉक्टरांनी सांगितले म्हणे. हल्लीच्या डॉक्टरांना काही येत नाही. टाच मागे असते, लोखंड पुढे आहे.

२४ फेब्रुवारी
बोलावणं आलं! मी म्हणालोच होतो.

भरतीवाली पोरगी स्वतः चालत गेटपाशी आली. डोक्यावर पांढरं हेल्मेट, वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. म्हणाली, काका, इथले जुने फोरमन तुम्हीच ना? माल चढवण्या-उतरवण्याच्या पाळीवर देखरेखीला अनुभवी माणूस हवाय. तेरा तारखेपर्यंत ऑफिसात येऊन सही करा, म्हणजे वयाची अडचण येणार नाही. माझी जन्मतारीख या पोरीला कुणी सांगितली कोण जाणे. मोठ्या माणसांची माहिती फिरत असते.

पण काका! मी हिच्या बापाला ओळखत नाही. तरी डोकं शांत ठेवून म्हणालो, येतो, पण या गेटातून. ती म्हणाली, या गेटाचं कुलूप गंजलंय, किल्ली कुणाकडे नाही. हायवेच्या बाजूने या, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. मी म्हटलं, राखेच्या ढिगावरून फोरमन आत जात नसतो. गेट उघडा, मग बोलू. तिने हेल्मेट सारखं केलं. जागा एकच आहे काका, म्हणाली, आणि गेली.

ही घासाघीस मी पुरती ओळखून आहे. चार दिवसांत गेट उघडतात की नाही बघा.

२५ फेब्रुवारी
हिला सगळं आधीच माहीत होतं. कसं, ते विचारायला सवड मिळाली नाही, कारण हिने ताट आपटलं. म्हणाली, नोकरी पायी चालत दारात आली आणि तुम्ही तिला वळसा घालून ये म्हणालात. मी म्हटलं, वळसा घालायला ती मला सांगत होती. त्यावर ही ओट्याकडे तोंड करून रडली. मला ते आवडलं नाही. रडण्यासारखं काय आहे, अजून तेरा तारीख लांब आहे.

३ मार्च
वेल्डर सापडला. बसस्टॉपवर. कंबर धरलेला माणूस बसमागे धावत होता. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात कंपनीचं कार्ड. कॉलर धरली. बेइमान, शपथ मोडलीस म्हटलं.

तर हा म्हणतो, साहेब, गळ्याशपथ सांगतो, गेट ओलांडलेलं नाही. भगदाडातून जातो. तुम्हीच नाही का म्हणालात, ते गेट नव्हे? आम्ही सगळेच तिकडून जातो. वर तोंड करून म्हणतो, तुमच्या त्या एका वाक्याने सगळ्यांची सोय झाली, नाहीतर शपथेचं ओझं झालं असतं. मेहुणाही तिथेच कामाला. गावाला-बिवाला कुठे गेला नाही, फोर्कलिफ्ट चालवतो.

हरामखोर! यांना हातोडा धरायला मी शिकवलं. यांच्या दांड्या मी लपवल्या. याच वेल्डरने दारू पिऊन साचा फोडला तेव्हा साहेबापुढे मी उभा राहिलो होतो. ज्या ताटात खाल्लं त्यातच छिद्र पाडणारी जात.

दुपारभर विचार केला. काटेकोर बघितलं तर शपथ मोडलेली नाही. गेट अजून कुणीही ओलांडलेलं नाही. बहिष्कार चालू आहे.

९ मार्च
ही म्हणाली, शेवटचं सांगते, उद्या माझ्याबरोबर चला, कुठे जायचं ते मी दाखवते. हिला काय ठाऊक कुठे जायचं! म्हटलं, तू बहिणीचं बघ.

भरतीवाली पुन्हा फिरकली नाही. पुन्हा आली आणि काका म्हणाली तर ऐकून घ्यायचं ठरवलंय. एवढी माघार पुरे.

१३ मार्च, संध्याकाळ
जिंकलो!

कंपनीची दोन माणसं टेप घेऊन आली, गेटाची मापं घेतली. विचारलं तर म्हणाली, उद्या गेट काढणार. उद्या! नेमक्या वाढदिवशी. पोरीला जाण आहे म्हणायची.

हिला सांगितलं तर हिने घड्याळ बघितलं. आत्ता जा, ऑफिस अजून उघडं असेल, मी येते बरोबर, म्हणाली. हाताला धरून दारापर्यंत नेलं सुद्धा. इतके दिवस किल्ला लढवला आणि शेवटच्या तासाला मागच्या भिंतीवरून उडी मारू? बायकांना धीर म्हणून नसतो. मी हात सोडवून घेतला. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. स्वतःच, कारण ही नंतर माझ्याशी बोललीच नाही.

१४ मार्च
जसं घडलं तसं लिहितो.

वेल्डर आणखी दोघांना घेऊन आला, बरोबर गॅस कटर. बिजागऱ्या कापल्या आणि गेट धाडकन आडवं पाडलं. मला म्हणाला, साहेब, खुर्ची जरा बाजूला घ्या. मी शर्ट सारखा केला आणि उजवं पाऊल आत टाकलं. फोरमनचं पहिलं पाऊल. वेल्डर कटरची नळी गुंडाळत होता.

आत कमरेइतकं गवत. माझी केबिन शोधत निघालो. ओतशाळा नाही, भट्टी नाही. एक लांबच लांब शेड आणि सपाट डांबर. पावलं मोजून, अंदाज बांधून केबिनची जागा नक्की केली. तिथे आता महिलांचं स्वच्छतागृह आहे. तरी उभा राहिलो, बराच वेळ. एक मुलगी बाहेर येऊन म्हणाली, काका, इथे नका उभे राहू.

परत आलो तर बाहेर जायला वाट नाही. गेटाच्या जागी उंच पत्रे, कडेकडेने वेल्ड मारलेले. काढणार म्हणजे काढून टाकणार. उघडणार असं कुणी म्हणालंच नव्हतं. मी पत्र्यावर बुक्क्या मारल्या. पलीकडून वेल्डर ओरडला, साहेब, तुम्ही आत कसे? आता मागून जा. खुर्चीचं विचारलं, तर ती गेटाबरोबर भंगारच्या टेम्पोत गेली होती.

मागून गेलो. पाळी सुटायची वेळ. शेकडो माणसं, अर्धी ओळखीची. मेहुणा मला बघून खाली वाकला, बुटाची नाडी बांधायला. गार्डने अडवलं. पास कुठाय, आत कसे आलात? गेटातून, म्हणालो. तो म्हणाला, कुठल्या गेटातून? गेट हे एकच आहे. मला बाजूला उभं केलं आणि खिसे दाखवा म्हणाला. माझे खिसे! मी त्या लोकांसमोर खिसे उलटे केले. एक रुमाल निघाला.

तेवढ्यात नारिंगी जाकिटातली एक बाई रांग सोडून पुढे आली. गार्डला म्हणाली, सोडा त्यांना, आमचे आहेत ते. गार्ड म्हणाला, सॉरी मॅडम.

मॅडम म्हणजे ही.

रस्त्यात विचारलं, माझ्यापासून का लपवलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत? पुढे ती म्हणाली, भरतीवालीच्या हातापाया पडून तुमच्याकडे पाठवली होती मी तिला.

१६ मार्च
आज गेलो. हायवेच्या बाजूने. खरंच दहा मिनिटांचा रस्ता आहे.

भरतीवालीने पाणी दिलं. म्हणाली, काका, तुमची जन्मतारीख टाकली की कॉम्प्युटर पुढे जाऊच देत नाही, माझ्या हातात काही नाही. आणि ती देखरेखीची जागाही काल भरली. कुणाला घेतलं विचारलं. तिने मेहुण्याचं नाव सांगितलं.

शिव्या द्यायच्या ठरवून गेलो होतो. कुणाला द्यायच्या ते कळेना. बाहेर येऊन भिंतीला टेकलो. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कुणी नाही. आता मला कुणी बोलावणार नाही, याची भीती वाटली.

१७ मार्च, सकाळ
ही बूट चढवता चढवता म्हणाली, आज गॅसचा सिलिंडर यायचाय. तुम्ही घरी असाल ना दार उघडायला? चार तिखट उत्तरं जिभेवर आली. आहे म्हणालो.