दगडातली आत्या

तीर्थरूप आत्येस साष्टांग नमस्कार. (दवाखान्यामागच्या ज्या खोलीत मी झोपतो तिथं आठही अंगं मावत नाहीत, म्हणून तूर्त पाचच टेकली आहेत. उरलेली समक्ष.) तुझे गुडघे कसे आहेत? दाढ अजून ठणकते का?

तुझ्या शब्दाखातर दातांच्या डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं आणि मी अजून टिकून आहे. हे वाचून धक्का बसला असेल तर आधी बसून घे. काम तसं सोपं. बाहेर पेशंट थांबतात तिथं खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे, ती सांभाळायची. रंगीत मासे बघताना माणूस आत चाललेला ड्रिलचा आवाज विसरतो, असं डॉक्टरांचं मत आहे. (विसरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.)

तर मध्यंतरी डॉक्टरांनी टाकीसाठी 'जिवंत दगड' आणला. मी तो कानाला लावून पाहिला, हलवून पाहिला, काही बोलला नाही. मग कळलं, दगड मेलेलाच असतो; जिवंत असतात ती त्याच्या भोकांत बसून समुद्रापासून फुकट आलेली बिऱ्हाडं. त्यांतली काही टाकी साफ ठेवतात, काही टाकीच साफ करतात. कोण कुठलं ते ओळखायचं काम माझ्याकडे आलं, सोबत एक जाडजूड पुस्तक. त्यातली नावं माझ्या जिभेला झेपेनात (शाळेत जीवशास्त्राच्या तासाला मी बहुधा झाडावर असायचो, म्हणजे एका अर्थी विषयातच), म्हणून मी घरचीच नावं दिली. सतत शंख बदलणारा खेकडा म्हणजे धाकटे काका. केसाळ, सुस्त अळी म्हणजे भावोजी. डॉक्टर आधी चिडले, मग तेही तसंच म्हणायला लागले.

एवढ्यात डॉक्टरीणबाईंची लाडकी कोळंबी, माशांच्या अंगावरची घाण टिपणारी, मेलेली सापडली आणि तिच्यावर भावोजी बसलेले. मी मागचापुढचा विचार न करता त्यांना हातानं उचललं. ते केस नसतात, आत्या, काचेसारख्या सुया असतात. डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटला तोंड तसंच उघडं ठेवायला सांगून माझी बोटं चिमट्यानं सोलली आणि सोलता सोलता माहिती दिली की ही अळी फक्त मेलेलं खाते. म्हणजे भावोजी खुनाला नव्हे, नुसते जेवायला आले होते. (ताईला सांगू नकोस.)

याच सुमारास टकटक सुरू झाली. बाहेर बसलेल्या एका शिंप्याला वाटलं, आपला जबडाच वाजतोय. एक्स-रे काढला, जबडा उत्तम निघाला, तरी तो नाराजच, कारण मग वाजतंय काय? मी कान लावला तर आवाज दगडातून. पुस्तकात एका पानावर आवाज करणाऱ्या दोन कोळंब्या होत्या. पहिली नुसती नांगी वाजवते, कुणाच्या वाटेला जात नाही. दुसरीबद्दलही बरंच लिहिलं होतं, पण शेजारच्या पानावर शिडांच्या जहाजाचं चित्र होतं आणि त्यातली कुठली दोरी कुठं जाते हे बघण्यात माझी दुपार गेली. संध्याकाळी मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं, "नुसता आवाज आहे हो हिचा. मनानं गरीब. अगदी आमच्या आत्यासारखी."

हे मी कौतुकानं म्हटलं होतं.

नाव चिकटलं. पेशंट आत शिरताच विचारायचे, "काय रे, आज आत्या बोलली का?" मीही प्रेमानं बिळाशी खाऊ धरायचो. मग परवा भर दवाखान्यात ती बाहेर आली, हात दुमडून, अगदी शांत, आणि एका गोगलगाईला असा ठोसा हाणला की शंखाचे तुकडे काचेवर येऊन आपटले. म्हणजे ही दुसरी. शिकारी. बाईंची कोळंबीही हिनंच मारलेली. पुस्तक म्हणतं, काचसुद्धा फोडते. डॉक्टरीणबाई तिथंच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ही तुझी आत्या दवाखान्याबाहेर, नाहीतर तू."

तिला दगडासकट बादलीत उतरवलं आहे. (अंगठा बांधलाय, म्हणून अक्षर असं.) पण काउंटरवरची मुलगी फोनवर सगळ्यांना सांगत असते, "अहो, त्या पोराच्या आत्यानंच मारलं." गुरुवारी तू दाढ दाखवायला येशील तेव्हा लोक तुझ्या हातांकडे बघतील. मनावर घेऊ नकोस.

बाकी ठीक. लहानांना आशीर्वाद कळवले असते, पण घरात सगळ्यात लहान मीच.

तुझा भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. मला तिला मारवत नाही. तुझ्या गच्चीवर ती जुनी काचेची टाकी रिकामीच पडली आहे ना? शनिवारी तिला घेऊन येतो. खाणं बेताचं आहे. तिच्यासमोर बोट मात्र नाचवू नकोस.

ता. क. २. वरचं रद्द. आत्या जाणार म्हटल्यावर दात न दुखणारी माणसंसुद्धा तिला बघायला येऊन बसली आणि जाताना दात साफ करून घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला जाड काचेची वेगळी टाकी मागवली आहे. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पण मी 'नाहीतर' म्हटलं होतं. तेव्हा शनिवारी मी एकटाच येतो. गच्चीवरही चालेल. तू बोलशील, ते बोल. मला आता आवाजाची सवय झाली आहे.