आईच्याच हातात बंद पडणारी गाडी

प्रिय दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीच्या बॉनेटखाली डोकं खुपसून उभी होते. तू एका दमात सांगितलंस, "गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, डॉक्टरांची वेळही घेतलीय, आता माझ्याकडे यायला आईची बॅग भर." मी "बरं" म्हटलं. ते संमतीचं "बरं" नव्हतं. हात काळे झाले होते आणि फोन लवकर ठेवायचा होता, इतकंच. खरं उत्तर हे पत्र आहे आणि ते लांबलचक आहे, तेव्हा खुर्ची ओढून घे.

बाबा गेल्यापासून त्यांची ही जुनी गाडी अधूनमधून दगा देते, हे तुला ठाऊक आहेच. आचका नाही, धूर नाही, चालता चालता एकदम मौन. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की जसं काही घडलंच नाही. आणि हे सगळं फक्त आईच्या हातात. तू चालव, मी चालवते, मेकॅनिकला चालवू दे, पाहुण्यांसमोरच्या मुलीसारखी शहाण्यासारखी वागते. मेकॅनिकचं नाव मी ठणठणीतराव ठेवलंय. त्यांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल नवी घातली आणि दर वेळी निकाल तोच, "ताई, गाडी ठणठणीत आहे." सुरुवातीला आई हसायची. म्हणायची, "गाडी तुझ्या बाबांवरच गेलीय. मध्येच बोलणं बंद, आणि कारण विचारायची सोय नाही."

मग मागच्या खेपेला तू जेवता जेवता म्हणालास, "आई, तूच नकळत किल्ली बंद करत असशील. या वयात होतं असं. गाडी विकून माझ्याकडे चल." प्रेमानेच म्हणालास, मान्य. पण त्यानंतर ती गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि स्वतःच्या हातांकडे जास्त बघायला लागली. एकदा भर चौकात गाडी बंद पडली, मागचे भोंगे कोकलायला लागले, तर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, "खरं सांग हं, मी फिरवली का गं किल्ली?" वळण आलं की बाबांना "अहो, गिअर" म्हणून टोकणारी बाई ही! तिथेच मी ठरवलं, गाडीचा दोष सापडल्याशिवाय आईची बॅग माळ्यावरून खाली येणार नाही.

तू मला जन्मभर पंडितीण म्हणून चिडवलंस, आता थोडं पांडित्य सोस. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, कारण शोधताना दोन गोष्टी बघतात. कारण आहे तिथे कार्य आहे, हा अन्वय. कारण नाही तिथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. तू नुसता अन्वय पाहिलास, आई आहे तिथे दोष आहे, आणि निकाल देऊन मोकळा झालास. पण आईबरोबर गाडीत आणखी काय काय चढतं, याचा विचार केलास का? मी एकेक गोष्ट करून पाहिली. तिची पाठीची उशी घेऊन चालवली. सीट तिच्याइतकी पुढे ओढून, गुडघे हनुवटीला लावून चालवली. तिच्या चपला घालूनसुद्धा चालवली, माझे अंगठे अजून ठणकताहेत. गाडी बंद पडावी म्हणून एवढी आराधना कुणी केली नसेल. ती काही प्रसन्न होईना.

शेवटी इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला वीज आणणाऱ्या तारेला मी एक छोटा बल्ब जोडला, वायर खिडकीतून आत घेतली आणि बल्ब डॅशबोर्डवर चिकटवला. गाडी थांबली तरी बल्ब जळत राहिला, तर दोष कॉइलच्या पुढे. विझला, तर किल्लीपासून कॉइलपर्यंतच्या वाटेत. आणि आईला चालवायला बसवलं. ती तयारच होईना. "दिवा विझला तर तोही मीच विझवला म्हणाल!" बाजारामागच्या उताराला गाडी एका खड्ड्यात आदळली आणि गप्प झाली. बल्ब विझला. आईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, दादा. मी या डोळ्यांनी पाहिलं. हलत होता तो फक्त किल्लीला लटकलेला तिचा घरच्या किल्ल्यांचा भलामोठा जुडगा. मी तो तळहातावर उचलून धरला. बल्ब लागला, आणि उतारावर गिअरमध्येच घरंगळणारं इंजिन खाकरून सुरू झालं.

किल्लीचा स्विच आतून झिजलाय. एकट्या किल्लीचा भार तो सोसतो. जुडग्याने किल्ली खाली ओढली आणि वर धक्का बसला की आतला जोड सुटतो. आमच्या हातात का नाही, म्हणशील. आई घराच्या किल्ल्या कुणाच्या हाती देते का? ठणठणीतरावांना असो, तुला असो की मला, देताना ती गाडीची किल्ली सोडवून देते आणि जुडगा पर्समध्ये टाकते. रोग पर्समध्ये, आणि आम्ही रोगी तपासतोय! बाबा होते तेव्हा गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला एकटी असायची. ते गेल्यावर तिने ती आणि त्यांच्या सगळ्या किल्ल्या आपल्या जुडग्यात ओवून टाकल्या. त्यांच्या टेबलाच्या खणाची, ऑफिसातल्या कपाटाची, तुझ्या शाळेतल्या सायकलचीसुद्धा. मी म्हटलं, "अगं, यांतलं एक तरी कुलूप उरलंय का?" तर म्हणाली, "म्हणून किल्ल्या टाकून द्यायच्या?" यावर माझ्या शास्त्रात उत्तर नाही.

ठणठणीतरावांनी स्विच उघडून पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांना आपला शब्द आठवला नाही. इतक्या जुन्या गाडीचा स्विच ते शोधताहेत. तोवर किल्ली निळ्या दोऱ्यात एकटी राहील, आणि जुडगा पर्समध्ये.

आता शेवटचं. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र आईच्या हाती दिलंय आणि तिला गाडीतून एकटीला धाडलंय. मी मुद्दामच बरोबर आले नाही. भीती वाटली नाही असं नाही, पण ती शेजारी बसून कमी होणारी नव्हती. तू हे वाचतो आहेस त्याअर्थी गाडी पोहोचली, आणि याहून चोख अनुमान मला शिकवता येणार नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. डॉक्टरांकडे तिला जायचं असेल तर जाईल, स्वतः चालवत. तू फक्त एक कर. ती समोर बसली असेल, आणि तुझा चेहरा वाचत असेल. पत्र खाली ठेव आणि तिला सांग, किल्ली तिने फिरवली नव्हती. मी सांगून पाहिलं. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
पंडितीण