त्या प्रिंटरबद्दल

१४ मार्च, शनिवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे आईच्या म्हणण्याप्रमाणे बरा; जिना चढताना तोंडातून जे निघतं त्यावरून तसं वाटत नाही. तुझी लेक बोलायला लागली, हेही आईकडूनच कळलं. आनंद झाला.

माझी बातमी अशी की वाचनालयातले चारही कॉम्प्युटर थकले. विकतच्या सिस्टीमची नवी आवृत्ती त्यांना पेलत नाही. जानेवारीच्या समितीत मीच म्हटलं, नवी मशीनं घेऊ आणि त्यांवर ती मुक्त, फुकट मिळणारी सिस्टीम घालू. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या भावाचीच ना ती? उद्घाटनाच्या दिवशी फजिती झाली होती ती?"

"तीच," म्हटलं.

मग दोन महिने अभ्यास केला. हसू नकोस. या सिस्टीमला कुठला भाग मानवतो ते घेण्याआधी बघायचं असतं, ही अक्कल मला पन्नाशीत आली. वाय-फायची दोन कार्डं, डब्यावर नाव एकच, पण आतली चिप वेगळी. एक लगेच बोलतं, दुसरं मिठाची गुळणी धरून बसतं! म्हणून सिस्टीम पेनड्राइव्हवर घातली आणि सरळ दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "बाई, मशीन घेताय की त्याची मुलाखत?"

"मुलाखतच. नापास झालं तर तुमच्याकडेच राहील."

पहिल्यातून आवाज येईना. दुसरं एकदा झोपलं ते उठेचना. तिसरं मात्र सुरू झालं आणि सगळं जागच्या जागी: पडदा, आवाज, वाय-फाय. दुकानात उभ्या उभ्या टाळी वाजवावीशी वाटली. तशीच चार घेतली.

प्रिंटरही घ्यायचा होता. तो विषय मी दुकानात लांबवला, आणि या पत्रातही लांबवतेच आहे.

पाच वर्षांपूर्वी तू मला चालणाऱ्या प्रिंटरांची यादी दिली होतीस. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतंस, 'यातलाच घे.' ती हरवली नव्हती, धाकट्या. पर्समध्ये होती. दुकानातल्या माणसाने दुसराच एक देखणा प्रिंटर दाखवला, सगळ्यावर चालतो म्हणाला, आणि मला वाटलं, आमच्या शहाण्याचं जरा जास्तच असतं. वाचनालयातल्या कॉम्प्युटरांच्या उद्घाटनाला, तू बसवलेल्या त्या सिस्टीमवरून, सभासदांची ओळखपत्रं छापायची होती. एक कागद बाहेर पडला नाही. पन्नास माणसांसमोर मी तुला म्हणाले, "वाचनालय म्हणजे तुझी प्रयोगशाळा नाही."

तू प्रिंटरवरचं नाव वाचलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. यादीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी ताई म्हणून तू गप्प बसलास, आणि मी ताई असून तुला तोंडघशी पाडलं. नंतर दरवेळी वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. तुझे फोन बंद झाले आणि मला ते सोयीचंही वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते आहे.

परवाच्या समितीत सगळं सांगितलं. इतिवृत्त मीच लिहिते, त्यामुळे पळवाट नव्हती. 'त्या दिवशीची चूक माझ्या खरेदीची होती, भावाच्या कामाची नव्हती,' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि वाचून दाखवलं. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "हे त्यांना कळवलंत का?"

तर हे कळवते आहे.

बुधवारी नवा प्रिंटर आला. बघून, तपासून, दोघातिघांना विचारून घेतलेला. पहिलाच कागद सुळकन बाहेर आला. शाळकरी मुली रांगेत उभ्या राहून आपापली ओळखपत्रं घेऊन गेल्या. कित्येक दिवसांनी मी वाचनालयात निवांत बसून चहा प्यायले.

सगळं नीट चालू आहे, त्यामुळे दुरुस्तीला ये म्हणायलाही निमित्त उरलेलं नाही. नुसताच ये. आणि यावंसं वाटलं नाही, तरी माझी तक्रार नाही.

चुकलेली, आणि हे आधी तुलाच सांगायला हवं होतं ते कळलेली,
तुझी ताई