वाकडं तोंड आणि आष्ट्याचं पाव्हणं

तासगाव,
फेब्रुवारी १९७४

लोणंदमुक्कामी दाजींच्या पायावर मेव्हणा जोतीरामचा उजवा हात (डावा अजून उठत न्हाई). तुमचा दमा आन् हरणाआक्काचं गुडघं कसं हायत? आमी निम्मं बरं हाय.

झालं असं, बागेत द्राक्षं बघत हुतो, तर एका वेलाचं दोन वेल दिसाय लागलं. (पीक दुप्पट झालं म्हणून हरखलो, खोटं कशाला सांगू?) तवर डावा पाय मुडपला. उजवा डोळा नाकाकडं वळून बसला, तोंड उजवीकडं लोंबलं, हातपाय मातर डावं गेलं! तेल कुठल्या बाजूला चोळायचं यावर गावात वाद लागला. रंगूबाई चुलतीनं दोन्ही बाजू चोळून काढल्या. मिरजेच्या डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली आन् लय खूश झाला. म्हणाला, "घडाला देठ असतो तसा मेंदूलाही असतो. तुमच्या देठात उजवीकडं रक्त अडकलं. चेहऱ्याच्या नसा त्याच बाजूला राहतात, हातापायांच्या नसा मात्र खाली जाऊन बाजू बदलतात. असा पेशंट क्वचित मिळतो! चालाल, पण हळूहळू." (रोगाचं नाव फ्रेंच हाय. तोंड सरळ असतं तरी मला जमलं नसतं.)

अशात आमच्या बनूला बघायला आष्ट्याचं पाव्हणं आलं. मी हसून रामराम केला, तर तोंड एकाच अंगानं हसलं. मुलाचा बाप आकाराम म्हणाला, "आमची चेष्टा करताय व्हय?" मी 'न्हाई वो' म्हणाय गेलो, त्याचं नुसतं 'वो' झालं. मग मला दोन आकाराम दिसत हुतं, त्यातल्या नसलेल्याला मी चहा दिला. कप खऱ्याच्या धोतरावर. तरी गडी बसला, आपल्या उसाचं सांगत ऱ्हायला. मला डुलकी लागली, पर उजवा डोळा मिटतच न्हाई, त्यामुळं त्यो डोळ्याकडं बघून सांगतच हुता. मी घोरलो तवा उठला आन् एष्टी धरून गेला.

घरात बनूची आय राहीबाई रडली. मी बी रडलो, पर उजवा डोळा तसाबी सदा पाझरतोय, कुणाला कळलं न्हाई.

आक्काला दंडवत.
तुमचा,
जोतीराम

ता. क. खरं काम ऱ्हायलंच. आष्ट्याला जाऊन आकारामला सांगा, ही चेष्टा न्हाई, दुखणं हाय. पोरीचं जमलं पायजे.

आणखी ता. क. आष्ट्याला जाऊ नका. पत्र दुमडताना बनू म्हणाली, "आबा, त्यो पोरगा मला पसंतच न्हवता. आन् तुमी चालाय लागल्याबिगर मी कुणाच्याच घरी जानार न्हाई." काल सगळी झोपल्यावर भिंत धरून मी घरामागच्या परड्यापतोर जाऊन आलो. तिला अजून सांगितलं न्हाई. सांगू का नको, तेवढं तुमी येऊन ठरवा.