जगदेवरावांची बरणी

धार, ३ नोव्हेंबर १९०८
महूपासून टांग्याने आलो. वाटभर नुकतीच पेरलेली काळी रानं, हवेत गोड गारवा. इथल्या एका सरदारांच्या धर्मार्थ दवाखान्यात दुय्यम डॉक्टर म्हणून माझी नेमणूक झाली आहे. मुख्य डॉक्टर जगदेवराव माझ्याच वयाचे, हसतमुख. त्यांच्याच माडीवर माझी राहायची सोय आहे. त्यांच्या मातोश्री राजाबाईंनी पहिल्याच जेवणाला तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, इथले बाफले, वाढले आणि घरच्यासारखे राहा, म्हणाल्या. देवासला घरी आज पत्र टाकतो: इथे सुख आहे.

९ नोव्हेंबर
जगदेवरावांनी आज कपाटातली बरणी दाखवली. स्पिरिटमध्ये माणसाची थोरली धमनी उभी चिरून ठेवलेली. छातीत कळ येऊन गेलेल्या कुणा उदाजीरावांची. भावाचं भलं पाहून जन्मभर जळणारा गृहस्थ, असं गावात बोलतात.
धमनीतून एवढं रक्त वाहतं, पण तिच्या जाड भिंतीला ते आतून पुरत नाही. म्हणून भिंतीला स्वतःच्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, बाहेरून आत शिरणाऱ्या. भिंतीत चरबीचा थर साचला की तिथे त्यांचं रान माजतं. त्या नाजूक असतात. फुटल्या की भिंत आतल्या आत रक्ताळते, थर फाटतो आणि माणूस जातो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. जगदेवरावांनी किरमिजी रंग भरून ते डोळ्यांना दाखवलं होतं. पिवळ्या थरात लाल धाग्यांचं जाळं, अगदी सुंदर.
मी उत्तम म्हणालो. रात्री पुस्तकातलं ते पान काढून पुन्हा पुन्हा वाचलं.

२१ नोव्हेंबर
इंदूरहून मोठे डॉक्टरसाहेब बरणी पाहायला आले. विलायतेत लेख पाठवा, म्हणाले, आणि जगदेवरावांचा हात बराच वेळ सोडला नाही. मला भिंग धरायला सांगितलं. आम्ही देवासच्या धाकट्या पातीतले, थोरल्या गादीच्या सावलीत वाढलेले. दुसरं असणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण भिंग धरणारा!
संध्याकाळी राजाबाई रक्तवाढीचं औषध मागायला आल्या. सहा महिन्यांपूर्वी पोरगा मुद्गल फिरवायचा, आता जिना चढताना धापा टाकतो, म्हणाल्या. मी लोहाचं औषध दिलं. खरंच, जगदेवराव पांढरे पडत चालले आहेत. बरणीतला रंग मात्र दिवसेंदिवस गडद होतो आहे. मला वाईट वाटायला हवं होतं.

२ डिसेंबर
जगदेवराव देवी टोचायला कुक्षीकडे गेले. भर दुपारी कपाट उघडून बरणी माझ्या खोलीत आणली. अभ्यासासाठी. त्यांनी पाहिलं ते मी का पाहू नये?
खिडकीच्या उजेडात धरली तर धागे धमनीतून बाहेर आलेले. स्पिरिटमध्ये तरंगत काचेला टेकले होते. मी बोट लावलं तिथे सगळे गोळा झाले.
मी हसलो. ते मला ओळखतात.

८ डिसेंबर
जगदेवराव परतले ते गालांवर लाली घेऊन. जेवताना तीन बाफले खाल्ले. राजाबाईंनी माझ्या औषधाचं कौतुक केलं, पण पाहत होत्या आपल्या मुलाकडे.
नंतर ते माडीवर आले. बरणी दिसताच त्यांचा चेहरा उतरला.
“चिंतामणराव, ती द्या. आपण नर्मदेत सोडू. ती ज्याची होते, त्याच्यावरच वाढते.”
मी विचारलं, मग इतके दिवस का ठेवलीत?
त्यांनी मान खाली घातली. “माझी होती म्हणून.”
मला सगळं कळलं. त्यांचा लेख पुरा व्हायचा आहे, म्हणून ही नर्मदेची कथा. दिली नाही.

१५ डिसेंबर
नखं पांढरी पडली आहेत. नाडी दोरीसारखी कडक लागते. झाकणाचं मेण तडकलं आहे, एक धागा टेबलावर उतरला आहे. चाकूने कापला. रंग नव्हे — ऊन रक्त. आणि मलाच घेरी आली.
जगदेवराव खाली श्लोक म्हणतात. आवाज खणखणीत. किती बरं वाटत असेल त्यांना —

१९ डिसेंबर
दाराला कडी घातली. राजाबाई जिन्यात रडतात. बाळा, उघड, म्हणतात. मला बाळा म्हणतात! आज पहिल्यांदाच —
दाराच्या फटीतून दिसतं, जगदेवराव कात्री घेऊन उभे आहेत. मुळाशी एक काप, की तुम्ही जगाल, म्हणतात. जगेन. आणि वाचवलं कुणी? त्यांनी. पुन्हा त्यांनीच.

२० —
एक धागा मनगटातून आत शिरला. दुखत नाही. दुसरा कोपरापाशी —
नाडी सापडत नाही माझी. काचेवर हात ठेवला तर तिथे लागते. संथ. छान —

जगदेवराव दारावर खांदा मारताहेत. ताकद आली आहे ना आता. कडीचा एक खिळा निघाला.
ओरडतात, “सोडा ती! मला नको आहे, देवाशपथ नको आहे!”
खोटं. मी तिला पोटाशी धरलं आहे. धागे सदऱ्यातून — सगळीकडून — ऊब —
दुसरा खिळा. कात्री दिसली. हात लावू देणार नाही, ही माझी, फक्त माझ्यावर —