हेन्रीनं बसवलेली नळी

ट्रुगानिना, १५ डिसेंबर २०२०

ती. सौ. सुनेत्राताईस, गुरुदत्तचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता करवादतो, म्हणून लिहून कळव म्हणालीस. घे. रायफल अजून ताळ्यावर नाही! अख्ख्या लॉकडाऊनभर गराजमध्ये एकेक भाग जोडून बनवली, क्लबातल्या हेन्रीनं स्वतः मापं घेऊन नळी लाकडात बसवून दिली, आणि आता पाचशे मीटरवर गोळ्या कागदभर पसरतात. पहिल्या एकदोन बऱ्या जातात, नळी तापली की पुढच्या डावीकडे पळतात. दुर्बीण बदलली, स्क्रू आवळले, काडतुसं बदलली. तुझी भावजय मिताली म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. वैताग आलाय नुसता.

शनिवारी डोकं फिरलं आणि मी हेन्रीला सगळ्यांदेखत म्हणालो, की तुझ्या हातचं कामच कच्चं आहे. म्हातारा सामान आवरून निघून गेला. फेब्रुवारीत आमची जोडीची स्पर्धा, आणि आता तो फोनही घेत नाही. क्लबात मला पहिल्या दिवशी शेजारी बसवून घेणारा तोच एक होता गं. पण चूक खरंच त्याची असली तर?

आई बरी आहे. मार्चपासून पुण्याच्या परतीच्या विमानाची वाट बघतेय, तोवर माझ्या जेवणावर पहारा.

माझा नेम ढळलाय, तुझा लोभ ढळू नये.
गुरू

टूनगॅबी, २२ डिसेंबर २०२०

चि. गुरुदत्त यास, अ. उ. आ.

कॉलेजात एनसीसीत रायफल मी चालवली, तू नाही. नळी तापल्यावर गोळी पळते म्हणजे नळी लाकडाला कुठेतरी टेकतेय. मधल्या फटीत कागदाची पट्टी घालून ओढून बघ. बनवली तेव्हाच बघितली होती, म्हणशील. त्यानंतर काय झालं ते आठव.

काल आई फोनवर कौतुकानं सांगत होती, की खंडेनवमीला तू रायफल पाटावर ठेवलीस आणि तिनं हळदकुंकू, अक्षता वाहून साग्रसंगीत पूजा केली. अरे शहाण्या, वाहिलेल्या अक्षता जातात कुठे? देवघर झाडताना महिनाभर सापडतात मला! आधी नळी लाकडातून काढ, मग हेन्रीचं नाव घे. चारचौघांत बोललास ना? मग आता घरी जाऊन माफी माग, मेसेज पाठवून मोकळा होऊ नकोस.

तुमच्या-आमच्या राज्यांमधली सीमा पुन्हा बंद, ख्रिसमसला येणं होत नाही. आईला सांग, चिडू नको म्हणावं.

राग कमी कर, जेवण वेळेवर कर, एवढं ऐकलंस तरी पुरे.
ताई

ट्रुगानिना, ४ जानेवारी २०२१

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

निघाली! ओल्या कुंकवात कालवलेली, वाळून नळीखाली घट्ट चिकटलेली एक अक्षत. एका तांदळापायी मी दोन महिने डोकं फोडत होतो. काढल्यावर गोळ्या बशीएवढ्यात आल्या. आईला दाखवली तर म्हणते, मी देवाला सांगितलंच होतं, हिची गोळी कुणाला लागू देऊ नकोस. आता हिच्याशी काय भांडायचं!

तसाच हेन्रीकडे गेलो. मास्क लावून फाटकाशी उभा राहिलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं शांतपणे ऐकलं, नो वरीज मेट म्हणाला. मग म्हणाला, की त्यानं स्वतःची रायफल ख्रिसमसच्या आधीच बंदुकांच्या दुकानात विकून टाकली. वर्षभर हात थोडा थरथरतो, तो लपवत होता. मी बोललो तेव्हा त्याला वाटलं, हे होणारच होतं, आता लोकांनाही दिसायला लागलं.

शनिवारी माझी रायफल तू चालव, मी नुसता शेजारी बसतो, असं म्हणालो. त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि यंदा टोमॅटो कसे आलेत ते सांगत बसला.

शनिवारी मी त्याच्या दारात जाणारच आहे. या खेपेला माझ्यावरचा लोभ थोडा त्याच्याकडे वळव.
गुरू